हँडल मारणारे हात

पूर्वी हंगामाच्या तोंडावर बोटीचा मालक हँडल मारायला माणूस बघायचा. आता तो अँपिअर बघतो. पूर्वी चौकशी व्हायची ती मनगटाची, सावधपणाची आणि गडी पहाटे वेळेवर येतो का याची; आता चौकशी होते ती व्होल्टेजची, वॉरंटीची आणि पार्सल नारळी पौर्णिमेआधी पोचेल का याची. बॅटरी उतरली असली तरी इंजिन चालू करून देणारा जंप स्टार्टर हल्ली एका हातात मावतो. घरी चार्ज करून न्यायचा, लाल-काळे चिमटे लावायचे आणि सेल्फ मारायचा. किनाऱ्यावरची तरुण पोरं तो घेताना आमच्या वयाच्या माणसांना विचारतात, "काका, कुठला घेऊ?" आम्ही मनापासून सांगतो, कारण समुद्रात बंद पडलेलं इंजिन म्हणजे काय ते आम्ही पाहिलंय. पण सांगता सांगता ती माणसं आठवतात, ज्यांची निवड पूर्वी अशीच पारखून होत असे.

आमच्या लहानपणी शिडाच्या होड्यांना इंजिनं बसून फार काळ लोटला नव्हता. स्वातंत्र्यानंतर सरकारने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत इंजिनासाठी कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली आणि पहाटेच्या खाडीचा आवाजच बदलला. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली होती, चिंचवडला रस्टनचा कारखाना होता. घाटावर विहिरीचं पाणी उपसणारी आणि आमच्याकडे बोट ढकलणारी इंजिनं एकमेकांची चुलत भावंडं होती. एक किंवा दोन सिलिंडर, जडशीळ फ्लायव्हील आणि पुढच्या अंगाला हँडल अडकवायची खाच. बॅटरी नव्हतीच, किंवा असली तर दिव्यापुरती.

ते इंजिन चालू करणं हा एक विधीच होता. इंजिनघराची फळी उचलली की डिझेलचा, जुन्या तेलाचा आणि तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्याचा वास एकदम वर यायचा. आधी ऑइलची काडी बघायची, मग डिझेलचा कॉक उघडायचा, नळीत हवा अडकली असेल तर छोट्या हातपंपाने एअर काढायची. मग सिलिंडर-हेडवरची डीकॉम्प्रेशनची दांडी उचलायची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापल्या हवेत फवारलेलं डिझेल पेट घेतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आठ-दहा पट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळा ते बावीस पट. एवढा दाब माणसाच्या हाताने एका झटक्यात पेलत नाही. म्हणून दांडी उचलून व्हॉल्व्ह उघडा धरायचा, म्हणजे आत दाब साचत नाही आणि फ्लायव्हील मोकळं फिरतं. हँडल मारणारा वाकायचा, पाय रोवायचा, पहिले फेरे जड जायचे, मग चाक वेग धरायचं. वेग पुरेसा झाला की तो ओरडायचा, "सोड!" त्या क्षणी दांडी पाडायची. एक जोराचा ठोका, मग दुसरा, मग धुराचा लोट, आणि इंजिन बोलू लागायचं.

दांडी धरायचं काम पोराचं. बोटीवर चढलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला मिळणारं हे पहिलं जबाबदारीचं काम होतं. जाळं ओढायला ताकद नाही, सुकाणू धरायला अक्कल नाही, पण "सोड" म्हटल्यावर सोडता येतं. लवकर सोडलं तर फ्लायव्हील तिथेच अडायचं आणि हँडल मारणाऱ्याची मेहनत वाया जायची. उशिरा सोडलं तर त्याचा दम जायचा. दोन माणसांचा श्वास एका लयीत आल्याशिवाय ते इंजिन चालू होत नसे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची समुद्राशी ओळख त्या एका शब्दाने झाली.

आता तो शब्द कुणी उच्चारत नाही, कारण त्याची गरज उरली नाही. चावी फिरवली, बटण दाबलं की सेल्फ फिरतो आणि इंजिन चालू होतं. ट्रॉलरवर बसणारी सहा सिलिंडरची अशोक लेलँडसारखी इंजिनं हाताने फिरवणं शक्यच नसतं. बऱ्याच नव्या इंजिनांना हँडलची खाचही नसते. नव्या इंजेक्शनच्या इंजिनात इंधन कधी आणि किती फवारायचं हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते, तिलाही वीज लागते. म्हणजे पूर्वी बॅटरी मेली तर दिवा जायचा. आता बॅटरी मेली तर बोट जाते.

पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं म्हणण्याचा मोह आम्ही आवरला पाहिजे. हँडल मारणाऱ्या माणसाला पहिली शिकवण मिळायची ती अंगठ्याची: हँडलला अंगठ्याचा वेढा द्यायचा नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मागे फिरतं आणि वेढा घातलेला अंगठा किंवा मनगट मोडतं. प्रत्येक बंदरात वाकडं मनगट घेऊन हिंडणारा एखादा म्हातारा असायचाच. कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बसवला तो १९१२ साली. म्हणजे मोटारवाल्यांची मनगटं वाचू लागल्यानंतर कित्येक दशकं आमच्याकडे मनगटं मोडत राहिली. आम्ही हँडल मारलं ते प्रेमापोटी नव्हे. सेल्फ आणि बॅटरी परवडत नव्हती, एवढंच त्याचं कारण.

बॅटऱ्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नवे विधी आले, आणि तेही आता गेलेच. दर पंधरवड्याला बॅटरी उचलून बाजारातल्या चार्जिंगच्या दुकानात न्यायची. सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधायची, आणि ॲसिड सांडून विजारीला भोकं पडू नयेत म्हणून सायकल हातात धरून चालायचं. दुकानात फळीवर बॅटऱ्यांची रांग असायची, झाकणं काढलेली, आतून बुडबुडे फुटताहेत, आंबट वास नाकाला झोंबतोय. दुकानदार काचेच्या हायड्रोमीटरने एकेका सेलमधलं पाणी ओढून बघायचा. आतला तरंग किती वर येतो त्यावर बॅटरीचं आयुष्य ठरायचं. बारा व्होल्टच्या बॅटरीला सहा सेल, त्यातला एक जरी बसला तरी तो मान हलवायचा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि १२ वर आली की ती जवळजवळ रिकामी, हे आम्ही त्याच्याकडूनच शिकलो. दुसऱ्या दिवशी न्यायला गेलं की बाकावर चार बोटींची माणसं बसलेली असायची. कुठे पापलेट लागलं, कुठे जाळं फाटलं, कुणाच्या मुलीचं ठरलं, हे सगळं तिथे कळायचं.

आता चार्जिंग घरात होतं. जंप स्टार्टरला मोबाइलचाच चार्जर चालतो; तो उशाशी भरत पडतो आणि सकाळी पिशवीत जातो. बॅटऱ्या बंद झाकणाच्या आल्या, पाणी घालणं गेलं, हायड्रोमीटर कपाटात गेला. विजारीला भोकं पडत नाहीत, कंबर धरत नाही. दुकानातला बाकही रिकामा झाला.

पण ज्याची खरी हळहळ वाटते तो विधी निराळाच आहे. समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी बॅटरी उतरली की पूर्वी हाक घालावी लागे. गमछा किंवा जाळ्याचा तुकडा काठीला बांधून हलवायचा आणि जवळची बोट वळली की ओरडायचं, "ओ नाखवा, बॅटरी द्या हो जरा!" ती बोट लाटेचा अंदाज घेत बाजूला यायची, टायर मध्ये सोडले जायचे, दोर फेकला जायचा. मग दोन बोटी खालीवर होत असताना पंचवीस-तीस किलोची बॅटरी या कठड्यावरून त्या कठड्यावर जायची. चार हात इकडचे, चार तिकडचे. इंजिन चालू झालं की बॅटरी परत. पैशाचा विषय निघत नसे. संध्याकाळी धक्क्यावर एखादी सुरमई त्यांच्या टोपलीत पडायची किंवा नुसता चहा व्हायचा. ज्यांची जाळ्यावरून भांडणं होती, वाड्यावाड्यांत बोलणं बंद होतं, तेही बॅटरीला नाही म्हणत नसत. नाही म्हणणाऱ्याला उद्या आपली वेळ आली तर काय, ही भीती होती, आणि ती भीतीच माणसांना धरून होती.

तेव्हाही प्रत्येक हाकेला उत्तर मिळत होतं असं मात्र नाही. कधी नजरेच्या टप्प्यात बोटच नसे. इंजिन थांबलेली बोट लाटांना तोंड देऊन उभी राहत नाही. ती हळूहळू आडवी होते आणि लाट कुशीवर बसते. नांगर धरला तर ठीक, नाही धरला तर वारा नेईल तिकडे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणात आलं तेव्हा कितीतरी बोटी बाहेर होत्या, आणि सगळ्या परत आल्या नाहीत. अशा वेळी शेजारची बोट बॅटरी घेऊन येऊ शकत नाही. तिला स्वतःलाच बंदर गाठायचं असतं. त्या वादळात एखाद्या केबिनमध्ये भरलेला जंप स्टार्टर असता तर, असा विचार मनात आला की जुन्या दिवसांचं कौतुक तिथल्या तिथे थांबतं. म्हणून पोरांनी विचारलं की आम्ही म्हणतो, घे. पण बघून घे.

आणि बघायचं म्हणजे सगळ्यात आधी व्होल्टेज. आउटबोर्ड आणि लहान डिझेलची बोट बहुधा १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रॉलरवर १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे १२ व्होल्टचा जंप स्टार्टर काम करणार नाही, उलट जळेल. २४ चा किंवा दोन्हींचा वेगळा मिळतो. तो जड असतो आणि महाग असतो. पूर्वी खलाशी निवडताना त्याला आपल्या इंजिनाचा अनुभव आहे का हे विचारत. हा तोच प्रश्न आहे.

त्यानंतर अँपिअर, आणि इथे फार फसवणूक आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत १०००, २०००, ३००० असे आकडे असतात. तो आकडा बहुतेक वेळा क्षणभराचा शिखर-प्रवाह असतो. सेल्फ दोन-तीन सेकंद फिरवताना खरा मिळणारा प्रवाह त्याहून पुष्कळ कमी. जुन्या शिशाच्या बॅटरीवरचा आकडा प्रामाणिक असे, कारण त्यामागे ठरलेली परीक्षा होती: उणे १८ अंश तापमानात ३० सेकंद तेवढा प्रवाह द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. बोटीच्या बॅटरीवर शून्य अंशाचा आकडाही असतो. या छोट्या डब्यांवर तसं काही बंधन दिसत नाही. त्यामुळे शिखराचा आकडा सोडून देऊन, किती लिटरच्या डिझेल इंजिनापर्यंत चालेल असं उत्पादकाने लिहिलंय ते वाचावं. पेट्रोलची आणि डिझेलची मर्यादा वेगवेगळी असते. नोकोचा जीबी ४० नावाचा एक डबा १००० अँपिअरचा म्हणून विकला जातो. तो पेट्रोलला ६ लिटरपर्यंत आणि डिझेलला ३ लिटरपर्यंत असं उत्पादक स्वतःच सांगतो. निम्मा फरक, आणि कारण तेच, सोळा ते बावीस पटींचा दाब. आपल्या इंजिनाला जेमतेम पुरेल असा घेऊ नये, पुढच्या मापाचा घ्यावा. आणि चिमट्यांची वायर हातात घेऊन बघावी. बारीक वायर एवढा प्रवाह नेऊ शकत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

डब्यात वीज किती मावते हेही समजून घ्यावं. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा भलामोठा वाटतो, पण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. हिशेब केला तर ७४ वॉट-तास. बोटीवरची १०० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी १२०० वॉट-तासांची. ती पाण्याचं पिंप असेल तर हा तांब्या आहे. तांब्यातलं पाणी एका दमात जोरात ओतता येतं, पण त्यावर दिवसभर भागत नाही. म्हणून एका वेळी तीन-चार सेकंदच सेल्फ मारायचा, थांबायचं, डबा निवू द्यायचा, मग पुन्हा. त्यावर मासे शोधायचं यंत्र किंवा दिवे चालवत बसायचं नाही.

हँडल मारणाऱ्या हाताला आणखी एक गोष्ट यायची, जी या डब्याला येणार नाही, आणि आमच्या मते हे नुकसान फार मोठं आहे. हँडल हाताला सांगायचं. नेहमीपेक्षा हलकं फिरलं तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंगा गेल्या. अर्ध्यात दगडासारखं अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलंय, आता जोर लावायचा नाही, नाहीतर आतला दांडा वाकेल. सुरळीत फिरलं, दाबही लागला आणि तरी पेटलं नाही, तर डिझेल येत नाही किंवा एअर धरली आहे. अनुभवी माणूस दोन फेऱ्यांत निदान करायचा आणि मिस्त्रीला निरोप जायचा तो रोगाच्या नावासकट. बटण दाबणाऱ्या बोटाला यातलं काही कळत नाही. इंजिन चालू झालं नाही की पोरं डबा पुन्हा जोडतात, पुन्हा सेल्फ मारतात, आणि टाकीचा कॉक बंद असल्याचं कळेपर्यंत डबाही रिकामा होतो. दोष बॅटरीचा आहे हे ठरल्याशिवाय जंप स्टार्टर पिशवीतून काढू नये. सेल्फ नुसता कट् करून थांबत असेल किंवा कण्हत फिरत असेल, तर बॅटरी उतरली असावी, किंवा तिची टर्मिनलं खाऱ्या हवेने हिरवीपांढरी झाली असावीत. टर्मिनल खरवडून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, घट्ट आवळून बघावं. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

खारं पाणी आणि ऊन, हे दोघे पूर्वी माणसाची परीक्षा घ्यायचे, आता डब्याची घेतात. आयपी ६५ लिहिलेला डबा धूळ आणि पाण्याचा फवारा सोसतो. आयपी ६७ चा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. बोटीसाठी दुसरा बरा, आणि दोन्ही प्रकारांत चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण बंद असेल तरच हे खरं. उन्हाचं अवघड आहे. मे महिन्यात केबिनच्या पत्र्याखाली काय तापतं ते आम्हाला माहीत आहे, आणि लिथियमच्या बऱ्याच डब्यांची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल उष्णतेला त्यातल्या त्यात स्थिर. वजन थोडं जास्त, पण आमच्या हवेत ते घ्यावेत. तिसरा प्रकार कपॅसिटरचा. त्यात बॅटरीच नसते. उतरलेल्या बॅटरीत उरलीसुरली जी वीज आहे ती तो काही मिनिटांत गोळा करतो आणि एका झटक्यात सेल्फला देतो. उन्हाला तो दाद देत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण बॅटरी अगदीच कोरडी असेल तर त्याला भरायला दुसरीकडून वीज आणावी लागते, आणि समुद्रात ती कुठून आणणार?

लहान होड्यांच्या आउटबोर्डला मात्र अजून जुना मार्ग उघडा आहे, याचा आनंद वाटतो. पूर्वी रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड असायची. आधी थोड्या पेट्रोलवर चालू करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी रॉकेल भरलेल्या कार्बुरेटरपुढे दोरी ओढून खांदा निखळायचा. वरच्या चाकाच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोन-तीन वेढे द्यायचे आणि पाय टेकवून ओढायची. आज तारकर्ली-देवबागला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी बोट बटणावर चालू होते, आणि पाहुण्यांना ते एवढं साधं वाटतं की तिकडे कुणी बघतही नाही. पण कित्येक आउटबोर्डच्या झाकणाखाली चाकाची खाच अजून असते आणि अवजारांच्या पिशवीत आणीबाणीची दोरीही असते. जंप स्टार्टर घेण्याआधी झाकण काढून ती खाच आहे का ते बघावं. असेल तर एकदा किनाऱ्यावर, शांत पाण्यात, दोरीने चालू करून बघावं.

सावधपणा पूर्वी दुसऱ्याच्या आवाजात असायचा. विडी पेटवणाऱ्याला तांडेल दरडावायचा, पोराला हँडलच्या वाटेतून मागे ओढायचा. आता माणूस इंजिनघरात एकटा वाकलेला असतो आणि सावधपणा पुस्तिकेच्या बारीक अक्षरांत असतो. म्हणून तो इथे सांगतो. चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते. तेव्हा आधी फळी उघडून वारा लागू द्यायचा. मग लाल चिमटा बॅटरीच्या अधिकला आणि काळा इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. इंजिन चालू झालं की लगेच दोन्ही काढायचे. चिमटे उलटे लागले तर चांगला डबा वीज सोडतच नाही. पण बॅटरी पूर्ण मेलेली असली की डब्याला ती दिसत नाही आणि जबरदस्तीचं बटण दाबावं लागतं. तेव्हा हे संरक्षण बंद होतं. त्या बटणाजवळ बोट नेण्याआधी लाल-काळं पुन्हा बघायचं, अंधार असेल तर टॉर्च लावून.

खंडेनवमीला पूर्वी हँडल धुऊन-पुसून पाटावर ठेवायचे. शेजारी पाना, हातोडा, होकायंत्र. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. हँडल मारणाऱ्याला त्या दिवशी पहिला प्रसाद मिळायचा. आता पाटावर मोबाइल असतो, जीपीएस असतो, काही घरांत जंप स्टार्टरही असतो, आणि ते योग्यच आहे. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे त्याला हात जोडावेत. पहिला प्रसाद कुणाला द्यायचा हे मात्र आता ठरलेलं नसतं.

हँडल मारणारा माणूस परत यावा असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या मुलाचं मनगट शाबूत आहे आणि ते तसंच राहावं. मात्र ज्या दिवशी बोटीला शेजारच्या बोटीची गरज उरणार नाही, त्या दिवशी शेजारची बोट वळून बघायचीही थांबेल, आणि डबा बिघडला तर हाक कुणाला घालायची हे ठाऊक नसेल. जंप स्टार्टर घेतला म्हणून दुसरी बॅटरी काढून टाकू नका. लांब जाणाऱ्या बोटीवर इंजिनासाठी एक आणि दिव्यांसाठी एक अशा वेगळ्या बॅटऱ्या आधी हव्यात, डबा त्यानंतर.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत शाकारून ठेवलेल्या बोटीवर जोडून ठेवलेली बॅटरी हमखास उतरते, आणि डबाही आपोआप थोडाथोडा रिकामा होत असतो. तेव्हा बॅटरी काढून घरी आणा, महिन्याला एकदा भरा. डबा हंगामात दर महिन्याला बघा आणि पावसाळ्यात निदान एकदा. इंजिनाला हँडलची खाच असेल तर हँडल भंगारात देऊ नका. ते कसं मारायचं आणि अंगठा कुठे ठेवायचा हे मुलांना धक्क्यावर दाखवून ठेवा. निघताना शेजारच्या बोटीला कुठे चाललात ते सांगून जा, आणि कुणी कापड हलवताना दिसलं तर तुमच्याकडे चार्ज केलेला डबा आहे हे लक्षात ठेवून बोट वळवा. कुणीच दिसत नसेल, तर तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा नंबर १५५४ आहे.